फिशटँकमधलं चांदणं कुणासाठी?

दिवाणखान्यातले दिवे मालवले, टीव्ही बंद झाला, तरी कोपऱ्यातला फिशटँक गर्द निळ्या उजेडात उजळलेलाच, हे दृश्य आता शहरांतल्या घरांना नवं राहिलेलं नाही. दुकानदार या उजेडाला ‘मूनलाइट’ म्हणतात. तयार दिवा महाग वाटला, तर निळ्या एलईडींची पट्टी आणून, जुना अडॅप्टर जोडून घरच्या घरी हे चांदणं तयार करणारे हौशी लोक भरपूर आहेत. हातानं काही करून बघण्याची ही हौस चांगलीच आहे. प्रश्न त्यामागच्या समजुतीचा आहे. रात्रीचा दिवा माशांसाठी लावला आहे, निसर्गात त्यांना चंद्र दिसतो म्हणून घरातही दिसावा, असं बहुतेक जण मनापासून मानतात. ही समजूत चंद्राच्या बाबतीतही चुकीची आहे आणि माशांच्या बाबतीतही. रात्रीचा दिवा बघणाऱ्यासाठी असतो. त्यात गैर काही नाही, पण एकदा हे मान्य केलं की तो किती मंद असावा, कोणत्या रंगाचा असावा आणि किती वाजता बंद व्हावा, या सगळ्याची उत्तरं बदलतात.

आधी चंद्राचा हिशेब पाहू. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स उजेड पडतो. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना, आकाश निरभ्र असताना, तोच आकडा पाव लक्सच्या आसपास येतो, म्हणजे सूर्याच्या सुमारे चार लाखावा भाग. कोजागरीला गच्चीवर दूध आटवताना आपल्याला सगळं लख्ख दिसल्यासारखं वाटतं, ते चंद्राचं नव्हे, अंधाराला सरावलेल्या आपल्या डोळ्यांचं कर्तृत्व. शिवाय पौर्णिमा महिन्यात एकदाच येते. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो जेमतेम एक दशांश देतो, कारण पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर जवळजवळ समोरून पडतो, तर अष्टमीला तिरपा पडून चंद्राच्या खडबडीत पृष्ठभागावर सावल्याच सावल्या उरतात. चंद्र रात्रभर आकाशात असतो तोही फक्त पौर्णिमेच्या आसपास. अमावास्येच्या रात्री नुसत्या ताऱ्यांचा उजेड लक्सच्या एक सहस्रांशाच्या घरात जातो. त्यावर झाडांची सावली आणि गढूळ पाणी धरलं, तर ओढ्यात किंवा तळ्यात राहणाऱ्या माशाच्या बहुतेक रात्री आपल्या भाषेत मिट्ट काळोखाच्याच असतात.

आता आपल्या टाकीचा हिशेब. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद अशा नेहमीच्या टाकीच्या पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ०.१८ चौरस मीटर भरतो. पाच मिलीमीटरचा एकच साधा पांढरा एलईडी पूर्ण क्षमतेनं, म्हणजे २० मिलिअँपिअर विजेवर लावला, तर त्यातून ढोबळ मानानं ५ लुमेन उजेड मिळतो. तो सगळा पाण्यावर पडला असं धरलं, तर २८ लक्स होतात. एका दाण्याएवढ्या दिव्यानं टाकीवर शंभरेक पौर्णिमा एकदम उगवल्या! दोन फुटांची पांढऱ्या एलईडींची पट्टी लावली, तर आकडा हजार लक्सच्या आसपास जातो. निळ्या पट्टीचं लक्समधलं माप याहून कमी भरेल, पण लक्स हे माणसाच्या डोळ्याला धरून बनवलेलं माप आहे आणि त्यात निळ्याचं वजन मुळातच कमी धरतात. माशाच्या डोळ्यापर्यंत पोहोचणारा निळा उजेड त्यामुळे कमी होत नाही.

हे चांदणं निळंच का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. चंद्र निळा नाही. तो सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो आणि पाठवताना त्यात तांबूस छटेची किंचित भर घालतो. मोजमाप केलं, तर चांदणं सूर्यप्रकाशापेक्षा अंमळ पिवळंच निघतं. आपल्याला ते निळसर भासतं, याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. अंधारात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी कमी पडतात आणि दंडपेशी कामाला लागतात. दंडपेशींना निळ्या-हिरव्याची जाण जास्त आणि लालची जवळजवळ नाहीच. म्हणून संध्याकाळी बागेतलं लाल फूल आधी काळवंडतं आणि पानं त्या मानानं उजळ राहतात. हे १९ व्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं नोंदवलं, आणि त्याचं नाव या परिणामाला मिळालं. सिनेमावाल्यांनी पुढे दिवसाढवळ्या चित्रण करून निळी काच लावून रात्र दाखवली, आणि निळा म्हणजे रात्र हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं. टाकीवरचा निळा दिवा या सिनेमाच्या रात्रीचा वारस आहे. समुद्राच्या स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश वरच्या वर शोषला जातो आणि निळा खोलवर जातो, त्यामुळे प्रवाळांच्या टाकीत निळ्याला काही आधार तरी आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या. कार्डिनल टेट्रा ज्या रिओ नेग्रो नदीतून येतो, तिचं पाणी कुजलेल्या पानांमुळे काळ्या चहाच्या रंगाचं असतं आणि त्या पाण्यात सगळ्यात आधी नाहीसा होतो तो निळा प्रकाशच.

तरीही, थोडा जास्त उजेड असला म्हणून बिघडलं काय? मासे तर मजेत पोहताना दिसतात. इथे माशाच्या शरीरात डोकावावं लागतं. माशाला पापण्या नाहीत, त्यामुळे डोळे मिटून उजेड टाळण्याची सोय त्याच्याकडे नाही. शिवाय त्याला उजेड कळतो तो फक्त डोळ्यांनी नव्हे. मेंदूच्या वरच्या बाजूला असलेली पिनिअल ग्रंथी माशांमध्ये स्वतःच प्रकाश ओळखते, कवटीतून झिरपणारा उजेड तिला पुरतो. अंधार पडला की ती मेलाटोनिन स्रवू लागते आणि त्या मेलाटोनिनच्या चढउतारावरून बाकीच्या शरीराला रात्र झाल्याचं कळतं. बर्लिनमधल्या गोड्या पाण्याच्या अभ्यासाला वाहिलेल्या लायब्निझ संस्थेतल्या संशोधकांनी युरोपातल्या पर्च माशांना रात्री १, १० आणि १०० लक्स उजेडात ठेवून पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात १ लक्सलाही रात्रीचं मेलाटोनिन घटलेलं आढळलं. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम ०.०१ लक्सपर्यंत खाली दिसला. म्हणजे पौर्णिमेच्याही कितीतरी खाली.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो. ०.०१ लक्सनंही मेलाटोनिन घटत असेल, तर पौर्णिमेचा चंद्रही ते घटवत असणार, आणि मासे तर कोट्यवधी वर्षं चंद्राखाली सुखानं जगत आले आहेत! बरोबर आहे, चंद्र ते घटवतोच. ओकिनावाच्या समुद्रातल्या सिगॅनस गुट्टाटस नावाच्या माशावर जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं आहे. त्याच्या रक्तातलं रात्रीचं मेलाटोनिन अमावास्येला जास्त आणि पौर्णिमेला कमी असतं, आणि तो अंडी घालतो शुक्ल पक्षातल्या अष्टमीच्या सुमारास. पण आक्षेपाचं उत्तरही याच उदाहरणात आहे. माशाला उपयोग होतो तो चंद्राच्या कमी-जास्त होण्याचा. रोज रात्री तेवढ्याच प्रखरतेनं, तेवढाच वेळ लागणारा दिवा ही बिनतिथीची पौर्णिमा आहे. तिच्यातून काळाचा कसलाच पत्ता लागत नाही, उलट जो लागत होता तोही पुसला जातो.

याचा परिणाम किती टोकाचा असू शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. त्यांनी क्लाउनफिशच्या काही जोड्यांना रात्री सुमारे २६ लक्स उजेडात ठेवलं. वर एका एलईडीचा हिशेब केला, जवळपास तेवढाच हा उजेड. जोड्यांनी नेहमीप्रमाणे अंडी घातली, अंडी नेहमीप्रमाणे फळली, गर्भ वाढले. पण एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आलं नाही. क्लाउनफिशची पिल्लं संध्याकाळ उलटून अंधार पडल्यावरच अंडं फोडतात, कारण त्या वेळी त्यांना खाणारे मासे कमी असतात. इथे अंधार पडलाच नाही, म्हणून ती वाट बघत आतच मेली. उजेड काढून टाकल्यावर पुढची अंडी व्यवस्थित फुटली. पाहणाऱ्याला या प्रयोगातले आईबाप संपूर्ण वेळ धडधाकटच दिसले असते.

‘माझे मासे मजेत आहेत’ या युक्तिवादाची मर्यादा इथे लक्षात येते. अर्थात दुसऱ्या बाजूचा पुरावाही झाकून ठेवण्याचं कारण नाही. त्याच २०१५ च्या अभ्यासात पर्चच्या ताणाचं माप म्हणून कॉर्टिसोलही तपासलं होतं आणि रात्रीच्या उजेडानं त्यात फरक पडलेला दिसला नव्हता. झेब्रा डॅनिओ हा भारतीय उपखंडातला मासा, फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात वर्णन केलेला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये पोहोचलेला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटानं २००७ मध्ये दाखवलं की अखंड उजेडात हा मासा जवळजवळ झोपतच नाही, आणि गंमत म्हणजे नंतर अंधार मिळाल्यावर बुडालेली झोप भरूनही काढत नाही. तेव्हा रात्रीच्या दिव्यानं मासे तडफडून मरतील, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पुराव्यातून एवढंच निघतं की दिवा माशाची झोप आणि हॉर्मोनचं घड्याळ नक्की बदलतो, काही जातींची वीण बुडवतो, आणि त्यातून माशाला फायदा झाल्याचं सहसा दिसत नाही. ज्या गोष्टीचा माशाला उपयोग नाही आणि तोटा होण्याची शक्यता आहे, ती आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी करायची असेल, तर बेतानं करावी.

आपल्या घरांत हा बेत आणखी महत्त्वाचा आहे. फिशटँक असतो दिवाणखान्यात, आणि दिवाणखान्यातले दिवे रात्री अकरा-साडेअकरापर्यंत चालू असतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, हिवाळ्यातला सगळ्यात लहान अकरा तासांच्या जवळपास. टाकीतले बरेचसे मासे मूळचे विषुववृत्ताच्या आसपासचे, बारा तास दिवस आणि बारा तास रात्र अशा पट्ट्यातले. त्यांच्या वाट्याला सकाळी सहा ते रात्री साडेअकरा असा साडेसतरा तासांचा दिवस आधीच आलेला असतो. उरलेल्या साडेसहा तासांवरही निळी पट्टी लावली, की रात्र संपलीच.

प्रवाळ पाळणारे इथे म्हणतील, प्रवाळांना तर चंद्र लागतोच. त्यांचं म्हणणं खरं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पौर्णिमेनंतरच्या काही ठरावीक रात्रींत असंख्य प्रवाळ एकाच वेळी अंडी-शुक्राणू सोडतात. प्रवाळांमध्ये प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं असतात आणि त्यांतल्या एकाचं काम चंद्राच्या कलेनुसार बदलतं, हे २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज यांच्या गटानं तर बंदिस्त टाकीत प्रवाळांची वीण घडवून आणली, त्यासाठी तापमान, सूर्योदय-सूर्यास्त आणि चंद्राच्या कला हे सगळं संगणकानं मूळ जागेप्रमाणे चालवलं. म्हणजे कृत्रिम चंद्राचा खरा उपयोग होतो, पण तो चंद्र वाढता-घटता आणि उशिरा उगवणारा असेल तेव्हा. तैवानमधल्या एका प्रवाळावरच्या अभ्यासात तर असं दिसलं की पौर्णिमेनंतर चंद्र सूर्यास्तानंतर उशिरा उगवू लागतो, त्या मधल्या अंधाराच्या तुकड्यावरूनच प्रवाळाला वेळ कळते. इथेही खुणेचं काम अंधार करतो.

मग रात्रीच्या दिव्याला काही जागाच नाही का? आहे, दोन ठिकाणी. पहिली संधिकाळाची. माशाच्या डोळ्याच्या पडद्यातले रंगकण आणि शंकुपेशी उजेडात-अंधारात प्रत्यक्ष जागा बदलतात, आणि या हालचालीला काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. मोठा दिवा एका बटणासरशी बंद झाला, की मासा तेवढा वेळ आंधळ्यासारखा असतो. पहाटे अचानक लागला, तर दचकून काचेवर आदळतो. एकदम उजेड करून निऑन टेट्राकडे पाहिलं, तर त्याचा प्रसिद्ध निळा पट्टा जागेवर नसतोच, तिथे फिकट जांभळट रेघ असते. पट्ट्यातल्या पेशींमधले स्फटिक रात्री आपली रचना बदलतात आणि दिवसाचा झळाळ परत यायला वेळ लागतो. तेव्हा मोठा दिवा बंद होण्याआधी मंद दिवा लागावा आणि नंतर अर्धा-पाऊण तास राहावा, हे माशाच्या सोयीचंच आहे. दुसरी जागा निशाचरांची. सकर, कुहली लोच, बरेचसे कॅटफिश दिवसा लाकडाखाली दडून बसतात आणि अंधार पडला की कामाला निघतात. त्यांना बघायचं असेल, तर मंद दिव्याशिवाय इलाज नाही. एक अपवाद अंडी राखणाऱ्या एंजलफिशच्या जोडीचा. तिला अंडी दिसत राहावीत म्हणून काही पैदासकार थोडे दिवस रात्रभर मंद उजेड ठेवतात. ती तेवढ्यापुरती सोय आहे.

घरगुती दिवा इथे बाजारच्या दिव्यावर मात करतो, कारण तो आपल्याला हवा तितका मंद करता येतो. पट्टी लागतच नाही. जुना मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर, टोक कापलेली यूएसबी केबल, एक उबदार पांढरा एलईडी आणि एक रेझिस्टर, बस. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एलईडी आणि रेझिस्टर किरकोळ पैशांत मिळतात. केबलमधली लाल तार धन, काळी ऋण; इतर तारा असतील त्या कापून वेगवेगळ्या झाकून टाकाव्यात. एलईडीचा लांब पाय धन. लाल तार रेझिस्टरला, रेझिस्टर एलईडीच्या लांब पायाला, आखूड पाय काळ्या तारेला. सगळी करामत रेझिस्टरच्या किमतीत आहे. बहुतेक ठिकाणी १०० ओहम लावायला सांगतात, त्यातून एलईडीला जवळजवळ पूर्ण वीज मिळते आणि शंभर पौर्णिमा उगवतात. त्याऐवजी १० किलोओहम लावला, तर वीज सुमारे ०.२ मिलिअँपिअर होते आणि दोन फुटी टाकीवर पडणारा उजेड पाव लक्सच्या आसपास, म्हणजे खऱ्याखुऱ्या पौर्णिमेवर येतो. नेहमीच्या चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर फरक एका पट्टीचा: तपकिरी-काळी-तपकिरी म्हणजे १०० ओहम, तपकिरी-काळी-नारिंगी म्हणजे १० किलो. अष्टमीच्या बाजूला झुकायचं असेल, तर ४७ किलो, पिवळी-जांभळी-नारिंगी. तीन फुटांहून मोठ्या टाकीला दोन एलईडी लावावेत, प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र रेझिस्टर. सोल्डर केलेल्या प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी, नाहीतर कोकणातल्या पावसाळी हवेत आणि टाकीच्या वाफेत पाय हिरवे पडून महिन्याभरात दिवा डोळे मिचकावू लागतो.

पाण्याजवळची वीज हा थट्टेचा विषय नाही, ५ व्होल्टचीही नाही. ५ व्होल्ट स्वतः निरुपद्रवी असतात, पण स्वस्त, बिननावाच्या चार्जरमध्ये घरातली २३० व्होल्टची बाजू आणि ही बाजू यांच्यामधलं आवरण कच्चं असतं आणि ते फुटलं तर पूर्ण वीज तारेतून टाकीकडे येते. म्हणून चार्जर नावाजलेल्या मोबाइलसोबत आलेला, आयएस क्रमांक छापलेला असावा, आणि तो टाकीच्या झाकणावर ठेवू नये, प्लगमध्येच राहू द्यावा. केबल प्लगकडे जाण्याआधी प्लगच्या खाली लोंबेल इतकी सैल सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरून जमिनीवर पडतं, प्लगमध्ये जात नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल, तर दिव्याआधी तो बसवून घ्यावा. हीटर आणि पंपासाठीही तो हवाच असतो. एलईडी पाण्यात सोडू नये, झाकणाच्या काचेवर बाहेरून चिकटवावा. पाण्यात उतरलेलं तांबं कोळंब्या-गोगलगायींना मारतं, हे वेगळंच.

रंगाबद्दल उरलेला आक्षेप लालच्या बाजूचा. माशांना लाल दिसत नाही, म्हणून रात्री लाल दिवा लावला तर त्यांना कळणारच नाही, असं अनेक जण सांगतात. खोल समुद्रातल्या काही माशांबद्दल ते खरं आहे. गोल्डफिशच्या डोळ्यात मात्र ६२५ नॅनोमीटरच्या आसपास टिपणाऱ्या, म्हणजे आपल्यापेक्षाही लालकडे झुकलेल्या शंकुपेशी असतात. आणि पर्चवरच्या बर्लिनच्या प्रयोगांत निळा, हिरवा, लाल अशा तिन्ही उजेडांनी मेलाटोनिन घटवलं. रंग बदलून सुटका नाही, प्रखरता आणि वेळ यांनीच आहे. वेळेसाठी साधा फिरत्या चकतीचा टायमर पुरतो, फक्त वीज गेली की त्याची चकतीही थांबते, हे लक्षात ठेवून आठवड्यातून एकदा त्याचं घड्याळ मिळवावं. मोठा दिवा बंद होण्याच्या पंधरा मिनिटं आधी मंद दिवा लागावा, आणि आपण झोपायला जाण्याच्या आधी तो बंद झालेला असावा. टाकी रस्त्यावरच्या दिव्यासमोर असेल, तर एक जाड पडदा कुठल्याही एलईडीपेक्षा जास्त कामाचा.

उजेड नेमका किती पडतो, हे मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अॅपला विचारू नये. एक लक्सच्या खाली त्या आकड्यांना अर्थ नसतो. त्याऐवजी खोली पूर्ण अंधारी करून वीस मिनिटं थांबावं आणि मग निऑन टेट्राच्या शेपटीकडच्या लाल भागाकडे पाहावं. पांढऱ्या दिव्याखाली तो करडा-काळा दिसला, तर आपण चांदण्यात आहोत. स्पष्ट लाल दिसला, तर दिवा अजून चांदण्याहून प्रखर आहे. रेझिस्टर वाढवा.